लाल चिंधी

आमच्या दुकानात मध्ये भिंत नव्हती. दारातून आत आलं की डावीकडे माझं कुलपांचं टेबल आणि उजवीकडे खिडकीशी हिचं शिलाई मशीन. मी किल्ल्या करायचो, कुलपं दुरुस्त करायचो. ही लोकांच्या पॅंट आखूड करायची, चेन बदलायची, फाटलेले खिसे नव्याने लावून द्यायची. किल्ली कापायच्या मशीनचा आवाज दातातून कळ जावी असा असतो. लग्नानंतर सुरुवातीला ही कानात कापूस घालून शिवायला बसायची. पुढे कापूस सुटला. मला मात्र तिच्या मशीनचा आवाज पहिल्या दिवसापासून आवडायचा.

ती व्हिडिओ करायला लागली ते लेकीमुळे. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला गेली आणि तिथून फोन करून विचारायची, "आई, बॅगेची चेन निघाली, काय करू?" फोनवर चेन कशी बसवून दाखवणार? मग हिने फोन डब्याला टेकवून उभा केला, चेन बसवून दाखवली आणि तो व्हिडिओ एका परदेशी ॲपवर टाकला, कारण लेक सारखी तिथेच असायची. लेकीने बघितलाच, पण आणखी हजारभर बायकांनीही बघितला.

"अहो, हजार बायकांना चेन बसवता येत नाही!" ही मला म्हणाली, जशी काही ती माझीच चूक होती.

मग तिला नादच लागला. कॉलर कशी उलटवायची, काज कसं करायचं, जाड कापडावर सुई का मोडते. व्हिडिओत स्वतःचा चेहरा तिने कधी दाखवला नाही. "माझं तोंड बघून कोणाची शिवण सरळ होणार आहे?" म्हणायची. त्यामुळे बघणाऱ्यांना फक्त तिचे हात दिसायचे आणि तिचा आवाज ऐकू यायचा.

शिकवताना ती कपाटावरचा रेडिओ बारीक आवाजात लावून ठेवायची. जुनी गाणी चालू असायची. मी एकदा म्हटलं, गाण्याने तुझं बोलणं नीट ऐकू जात नसेल. तर म्हणाली, "नुसतंच बोलले तर शाळा वाटते. गाणं असलं की शेजारणीकडे बसल्यासारखं वाटतं."

माझ्या मशीनसाठी तिने एक उपाय काढला होता. व्हिडिओ सुरू करायच्या आधी उठायची आणि माझ्या मशीनच्या दांड्यावर एक लाल चिंधी अडकवायची. चिंधी आहे तोवर किल्ली कापायची नाही आणि बोलायचंही नाही. गिऱ्हाईक आलं तर मी चिंधीकडे बोट करायचो. रोजच्या लोकांना ते माहीत झालं होतं. शेजारचा इस्त्रीवाला तर दारातूनच विचारायचा, "लाल दिवा आहे की हिरवा?"

हिला दुखणं निघालं तेव्हा आम्ही ठरवलं की लेकीला लगेच सांगायचं नाही, सगळ्या तपासण्या होऊ देत. डॉक्टर सोडले तर फक्त आम्हा दोघांनाच माहीत होतं. आणि हिच्या फोनवर त्या ॲपमध्ये जाहिराती सुरू झाल्या. केस गळणाऱ्यांसाठी मऊ टोप्या. अशक्तपणावर पावडरी. रुग्णालयाजवळ नातेवाइकांसाठी खोल्या. हिने मला फोन दाखवला आणि हसली. "बघा, लेकीच्या आधी याला कळलं." मग थोड्या वेळाने हळू आवाजात म्हणाली, "पण याला सांगितलं कोणी हो?"

मी नाही म्हणालो, तिनेही नाही सांगितलं. त्यावर आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नाही. पण त्या दिवसापासून ती झोपताना फोन पालथा घालून ठेवायला लागली.

वर्ष पुरं व्हायच्या आत ती गेली.

आता आवाजाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. आम्ही दिवसभर एकाच खोलीत असायचो, त्यामुळे तिने मला फोन असा कधी केलाच नाही. लोक आवाजात निरोप पाठवतात तसे तिने कोणालाच पाठवले नाहीत, लेकीलाही नाही. "भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. व्हिडिओत निदान समोर कापड तरी असतं," म्हणायची. फोटो आहेत, पुष्कळ आहेत. आवाज मात्र तेवढाच, त्या व्हिडिओंमधला.

ती गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी दुकान उघडून बसलो आणि एक व्हिडिओ लावला. ती म्हणाली, "आता सुई वर घ्या, आणि कापड फिरवा." मी मान वर करून खिडकीकडे बघितलं. नुसतं बघितलं नाही, उठून दोन पावलं गेलोसुद्धा. काउंटरपाशी एक बाई उभ्या होत्या, त्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं काही नाही. त्यानंतर मी फोनचा आवाज बंद करून टाकला आणि व्हिडिओ तसेच बघायला लागलो. हात दिसायचे. डाव्या अंगठ्यावरचा सुईचा जुना डाग दिसायचा. बटणाच्या एका व्हिडिओत कडेला माझं कोपरही दिसतं. आवाज मी पुढच्यासाठी ठेवला होता. मन जरा घट्ट झालं की ऐकू, असं ठरवलं होतं. तो कुठे जाणार होता?

तेवढ्यात बंदीची बातमी आली. महिनाअखेरीपासून ते ॲप देशात चालणार नाही. कारण दिलं होतं, देशाची सुरक्षितता.

हिचा धाकटा भाऊ त्याच संध्याकाळी आला. लहानपणी तो हिचे कापडावर आखायचे खडू चोरून खायचा, म्हणून हिने त्याचं नाव खडू ठेवलं होतं. आता चाळिशी उलटली तरी आमच्या घरात तो खडूच. तो तसल्याच एका नव्या, आपल्या देशातल्या ॲपच्या कंपनीत होता, लोकांच्या तक्रारींना उत्तरं देणाऱ्या विभागात. परकं ॲप बंद होणार म्हटल्यावर यांच्या कंपनीत दिवाळखोरीच्या गोष्टी थांबून नोकरभरती सुरू झाली होती. खडूच्या अंगावर नवा शर्ट होता.

इस्त्रीवाला आमच्याकडे चहाला बसला होता. त्याने खडूला लगेच धरलं.

"काय हो, माझ्या फोनमधलं कोणतं गुपित ते लोक नेणार होते? मी दिवसात किती शर्ट जाळले ते?"

"तुमच्या एकट्याचं काही नाही हो काका," खडू म्हणाला. "सगळ्यांचं मिळून. कोण कुठे जातो, कोणाशी बोलतो, कशाला घाबरतो. लाखो लोकांचं एका ठिकाणी गोळा झालं की सगळा देश उघड्यावर आला ना! उद्या भांडण झालं त्यांच्याशी, तर?"

"बरं. मग ते सगळं आता तुमच्या ॲपकडे गोळा होणार."

"आमचं इथलं आहे. इथला कायदा आहे. उद्या काही वाकडं झालं तर आम्हाला धरता येतं."

"म्हणजे घरच्या उंदराने धान्य खाल्लं तर चालतं," इस्त्रीवाला म्हणाला, "शेजारच्या उंदराला तेवढा मज्जाव."

खडू चिडला. "चेष्टा करा. पण आमचे लोक काय कमी हुशार आहेत? इतकी वर्षं त्यांनी फुकट देऊन देऊन आम्हाला उभंच राहू दिलं नाही. आपल्या माणसांना जरा संधी मिळाली तर बिघडलं कुठे?"

"बघा. आता खरं बोललात. आधी चोर आला म्हणालात, आता दुकान चालावं म्हणताय. एक काय ते सांगा."

"दोन्ही असू शकत नाही का?" खडू म्हणाला, आणि माझ्याकडे बघितलं. "भाऊजी, तुम्ही सांगा."

मला जाहिराती आठवत होत्या, टोप्यांच्या. खडू खोटं बोलत नव्हता. पण मला आणखीही एक गोष्ट आठवत होती. कुलूप बदलायला येणारा प्रत्येक माणूस मला चोराचंच कारण सांगतो. एकदा एक गृहस्थ आले आणि गोदामाचं कुलूप बदलून घेऊन गेले. म्हणाले, भागात चोऱ्या फार वाढल्यात. दुसऱ्या दिवशी त्यांचा सख्खा भाऊ आला. हातात जुनी किल्ली, मीच करून दिलेली. "ही लागत का नाही हो?" त्याने विचारलं. गोदाम दोघांचं होतं. आणि गंमत अशी की त्या आठवड्यात त्या गल्लीत खरोखरच चोरी झाली होती. चोर खरा होता, आणि बाहेर उभा राहिलेला भाऊही खरा होता.

हे मी त्यांना सांगितलं. इस्त्रीवाला हसला. खडू म्हणाला, "मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? ज्याच्या हातात कुलूप, त्याचं ऐकलं."

इस्त्रीवाला गेल्यावर मी खडूला म्हटलं, "ते देशाचं राहू दे. तुझ्या ताईचे व्हिडिओ जाणार का?"

तो एकदम मऊ झाला. म्हणाला, "छे! त्यासाठीच तर आलोय, भाऊजी. आम्ही सोय केलीय. तिकडचं खातं इकडे ओढून घ्यायची. एका बटणावर सगळं येतं."

लेकीने मला फोनवर सांगितलं होतं की एकेक व्हिडिओ फोनमध्ये उतरवून घ्या. मी दोन-तीन घेतले, आणि फोन म्हणाला जागा नाही. जुना फोन, हिचाच. जागा करायची तर त्यातलं काहीतरी पुसावं लागणार, आणि त्यातलं काय पुसू? घेतलेले ते दोन-तीनही पुन्हा काढून टाकावे लागले, नाहीतर फोन चालूच होईना. म्हणून खडूचं एक बटण मला देवासारखं वाटलं.

तो हिच्या खुर्चीत बसला नाही, माझ्या टेबलाशी उभ्यानेच बटण दाबलं. स्क्रीनवर एक रेघ हळूहळू भरत गेली. मग नव्या ॲपमध्ये हिचे हात आले. एकामागून एक, सगळे चौकोन. खडूने त्यातला एक उघडला. त्यात ही आखायच्या खडूने कापडावर रेघ ओढत होती. त्याने तो व्हिडिओ संपेपर्यंत बघितला, आणि नव्या शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

फोनचा आवाज मी बंदच ठेवलेला असायचा. त्यालाही ते खटकलं नाही. अशा वेळी कोण म्हणणार, भाऊजी, आवाज वाढवा?

माझ्या धंद्यात नवी किल्ली झाली की ती जुनीवर ठेवून उजेडात धरतात. दातावर दात जुळला पाहिजे. मी तेच केलं. पुढचे सगळे दिवस, दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा, जुन्या ॲपमधला एक व्हिडिओ बघायचो आणि मग नव्यातला तोच. सुरुवात जुळते का, शेवट जुळतो का, मध्ये काही कापलंय का. एकूण एक तपासले. हात तेच, कापड तेच, अंगठ्यावरचा डाग तोच. लेकीने विचारलं, "बाबा, सगळं आलं ना नीट?" मी म्हटलं, "अगदी दात न् दात."

आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हेही सांगत असतो की हुबेहूब दिसली म्हणजे लागेलच असं नाही, घरी गेल्यावर आधी कुलपात घालून बघा. हे दिवसातून कितीतरी वेळा सांगायचो. माझ्या स्वतःच्या वेळी मात्र सुचलं नाही.

महिनाअखेर झाली. जुन्या ॲपवर बोट ठेवलं की पांढरा पडदा यायचा आणि खाली एक ओळ. लेक म्हणाली, काही जण आडवाटेने अजून आत जातात. तिनेही तसं जाऊन बघितलं. पण कंपनीने इथून गाशा गुंडाळताना इथल्या लोकांची खातीच सगळीकडे बंद करून टाकली होती. "बाबा, बाकी सगळं आहे तिथे," ती म्हणाली, "आईचं तेवढं नाही."

"नसू दे," मी म्हटलं. "आपल्याकडे आहे ना."

नव्या ॲपवर मी एकटा बसून हिचे हात बघायचो. काही दिवसांनी त्यातही जाहिराती यायला लागल्या. पहिली होती एकट्या माणसाला पुरेल एवढ्या छोट्या कुकरची. दुसरी होती दुसरं लग्न जुळवून देणाऱ्यांची. 'पुन्हा सुरुवात करा,' असं लिहिलं होतं, आणि हसणाऱ्या एका बाईचा फोटो. ही काजाला टाके घालत होती आणि तिच्या हातांच्या खाली ती बाई हसत होती.

मी तो फोन इस्त्रीवाल्याला दाखवला. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. म्हणाला, "घरच्या उंदरालाही कळलं म्हणायचं." आणि मग, "पालथा घालून ठेवा."

लेक सुटी काढून आली ती त्यानंतर. तिने आल्या आल्या हिच्या मशीनवरची धूळ पुसली. जेवण झाल्यावर माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "बाबा, आईला लावा ना. चेनचा दुसरा लावा. मला तिचं ते 'हजार बायका' ऐकायचंय." पहिला हजार जणींनी बघितल्यावर केलेल्या त्या दुसऱ्या व्हिडिओत ही तसं म्हणाली होती, हसत हसत, सगळ्यांना.

मी म्हटलं, आता ऐकू. एकटा नाही, लेक आहे जवळ. फोन तिच्या हातात दिला.

तिने व्हिडिओ लावला. हात हलले. चेन आली. सुई खाली गेली.

"आवाज बंद आहे, बाबा."

"मीच ठेवतो तसा. वाढव."

"वाढवला."

"पुरता वाढव."

"पुरता वाढवलाय."

तिने दुसरा लावला, तिसरा लावला. मग त्याच फोनवर दुसरंच काहीतरी लावून बघितलं, कोणीतरी बातम्या देत होतं, खोलीभर आवाज झाला. परत हिचा लावला. हात हलत होते आणि खोलीत काही नव्हतं. कोपऱ्यात एक छोटं चिन्ह होतं, कर्ण्यावर काट मारलेलं. मी ते रोज बघत होतो. मला वाटायचं ते माझ्या बंद आवाजाचं आहे.

खडूला बोलावलं. तो कामावरून तसाच आला. लेकीने फोन त्याच्या पुढे धरला. त्याने त्या चिन्हाला बोट लावलं, काहीतरी वाचलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"गाणी," तो म्हणाला.

"कसली गाणी?"

"ताईचा रेडिओ. मागे गाणी आहेत सगळ्यात. त्या परक्या ॲपने गाण्यांचे हक्क घेतलेले होते. आमच्याकडे अजून नाहीत. इकडे आणताना ज्यात गाणं सापडेल त्याचा आवाज मशीन आपोआप काढून टाकतं."

"मग परत लाव तो," मी म्हटलं.

तो त्या चिन्हाला पुन्हा पुन्हा बोट लावत राहिला.

"मामा, परत लाव म्हणतायत बाबा."

"आम्ही ठेवतच नाही तो आवाज. आणतानाच काढतात. मूळ तिकडेच होतं."

लेक उभी राहिली. ती आईवर गेली आहे, राग आला की आवाज बारीक होतो. "तू कशाला म्हणालास मग, एका बटणावर सगळं येतं?"

"मला वाटलं होतं. मला खरंच..."

"तुझ्याच विभागात तक्रारी येतात ना? आमच्यासारख्या किती आल्या?"

"येतात."

"काय उत्तर देतोस?"

खडू खाली बघत म्हणाला, "'आपल्या भावना आम्ही समजू शकतो. सदर आवाज हक्कांच्या कारणास्तव...'" आणि तिथेच थांबला.

"तूच लिहिलंस?"

"मी लिहिलेलं नाही. मी पाठवतो."

"सुरक्षितता म्हणालात," लेक म्हणाली. "चेन कशी बसवायची यात कसला धोका होता रे मामा? आईच्या बोलण्याने कोणाचा देश पडणार होता? तुम्हाला गाणी नव्हती, माणसं नव्हती, काही तयार नव्हतं. नुसता दुसऱ्याचा गल्ला बंद करायचा होता."

"असं नाही गं. त्यांच्याकडे खरंच सगळं जात होतं. तुला माहीत नाही, काय काय जात होतं."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी लेकीला टोप्यांच्या जाहिरातीचं सांगितलं. हे तिला आजवर माहीत नव्हतं. ती परत खाली बसली. मग मी खडूकडे वळून त्याला दुसऱ्या लग्नाची जाहिरात दाखवली. त्याने ती वाचली आणि फोन टेबलावर ठेवला, हळूच, जसा काही तो गरम होता.

"मला माहीत नव्हतं, भाऊजी."

"तुला कसं माहीत असणार? तू नोकर आहेस."

मला त्याच्यावर रागवायचं होतं, पण जमलं नाही. तो हिचा खडू होता. हिने त्याला अंगाखांद्यावर खेळवलं होतं, त्याच्या तोंडातून बोट घालून खडू काढले होते. तो हिच्या खुर्चीकडे बघून रडायला लागला, मोठ्या माणसासारखा नाही, तोंड उघडं टाकून. लेकीने थोडा वेळ तसंच जाऊ दिलं. मग उठून त्याला पाणी दिलं.

"रडून काय होणार मामा," ती म्हणाली. "घे, पी."

रात्रीचं कोणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खडू आला तो तडक आत, चपलाही न काढता. "भाऊजी, एखादा असा असेल का, ज्यात रेडिओ नाही? गाणं नसेल तर मशीन हात लावत नाही. आहे तसा ठेवतं."

"रेडिओशिवाय ती करायचीच नाही," मी म्हटलं.

लेक एकेक लावायला लागली. कर्ण्यावर काट, कर्ण्यावर काट. मी किल्ल्यांचा खोका उगाचच आवरत होतो. बघवत नव्हतं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बाबा, याच्यावर काट नाही."

तो बटणाचा होता. माझं कोपर असलेला.

तेव्हा मला आठवलं. त्या दिवशी ती दवाखान्यातून आली होती आणि फार दमलेली होती. कपाटापर्यंत हात नेऊन रेडिओ लावायला नको वाटलं असेल. चिंधीही तिने अडकवली नव्हती, म्हणून तर मी मध्ये गेलो. शिकवायचं बोलणंही तिने केलं नव्हतं. श्वास लागत होता, म्हणाली होती की हात आत्ता दाखवते, बोलणं नंतर घालते. नंतर ते राहून गेलं.

लेकीने आवाज वाढवला.

आधी नुसती दोऱ्याची करकर. कापडातून दोरा ओढला जातो तेव्हा होते ती, फार बारीक. मध्ये बाहेरून एखादी गाडी जाते. मग तिचा श्वास ऐकू येतो, थोडा जड. मग माझं कोपर येतं, आणि माझाच आवाज येतो, इतका मोठा की मी दचकलो.

"चल, जेवून घे. पान वाढलंय."

दोरा एकदा ओढला जातो. आणि ती म्हणते, "हं, आलेच."

मग माझं कोपर जातं. ती गाठ मारते, दोरा कापते, बटणावरून अंगठा फिरवते, आणि व्हिडिओ संपतो.

लेक म्हणाली, "पुन्हा लावू?" खडूने भिंतीकडे तोंड केलं होतं. मी म्हटलं, थांब. आधी खडूकडून मी तो व्हिडिओ ॲपमधून बाहेर काढून घेतला, लेकीच्या फोनमध्ये, तिच्या ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये आणि एका वेगळ्या डबीसारख्या वस्तूत, जी खडूने आणून दिली. ती डबी मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवली आहे. खणाला कुलूप आहे. चोराची भीती नाही, पण ठेवलं आहे.

बाकीचे व्हिडिओही आहेत. हात आहेत. ती बोलताना हात कसे थांबायचे ते मला आता कळतं. कुठे ती हसली असेल तेही कळतं, कारण कापड जरा हलतं. काय म्हणाली ते मात्र आठवत नाही. मी त्या खोलीत होतो, चिंधीकडे बघत गप्प बसलेलो असायचो, आणि मी ऐकत नव्हतो. नेहमीचं बोलणं कोण ऐकतं?

लेक परत गेली. खडू अजून त्याच कंपनीत आहे. नोकरी सोडतो म्हणाला होता, मी नको म्हटलं. तक्रारींना तेच उत्तर पाठवतो, पण आता म्हणे आधी स्वतः फोन करून सांगतो, जे अजून उतरवून घेता येण्यासारखं असेल ते उतरवून घ्या, आवाज ऐकून बघा. वरच्यांना ते आवडत नाही.

दुपारी दुकानात गर्दी नसते. तेव्हा मी चिंधी मशीनच्या दांड्यावर अडकवतो आणि तो बटणाचा व्हिडिओ लावतो. ते सगळं फार थोडा वेळ चालतं. काल एक नवीन माणूस मध्येच आला, हातात किल्ली घेऊन. याची दुसरी करून हवी, म्हणाला, आणि घाईत होता. मी चिंधीकडे बोट केलं.

"मशीन बंद आहे का?" त्याने विचारलं.

इस्त्रीवाल्याने बाहेरूनच त्याला सांगितलं, "थांबा हो जरा. बाई कामात आहेत."

तो थांबला. दोरा ओढला गेला. मी म्हटलं चल, जेवून घे. तिने सांगितलं ती आलीच. मग मी चिंधी काढली आणि त्याची किल्ली हातात घेतली.